दुर्बिणीचा धडा

चंपतरावांच्या हाती कुणी रिकामे भांडे दिले, तर ते आधी त्याचा धडा करीत. तो त्यांचा धंदाच होता. नागपूरच्या कडेला असलेल्या वाडीत, अमरावती रस्त्यावरच्या मिरचीच्या गोदामात ते मापारी होते. भिवापूरकडची मिरची कुणी टोपल्यात आणो की पत्र्याच्या डब्यात, तराजूच्या दुसऱ्या पारड्यात दगडगोटे टाकून त्या रिकाम्या भांड्याचे वजन फेडून घेतल्याशिवाय ते मालाला हात लावीत नसत. काटा मधोमध उभा राहिला की म्हणत, "झाला धडा. आता टाका माल." भांड्यापायी आपला माल मारला गेला, असे शेतकऱ्याला वाटू नये, आणि मिरचीच्या भावाने आपण पत्रा विकत घेतला, असे व्यापाऱ्यालाही वाटू नये, एवढाच त्यांचा आग्रह असे. वीस वर्षांत त्यांच्या तोलाबद्दल दोन्ही बाजूंनी तक्रार आली नव्हती. हट्टी मात्र त्यांना दोन्ही बाजू म्हणत.

अशा माणसाजवळ दुर्बीण असणे हे वाडीतल्या ट्रकवाल्यांना प्रथम विचित्र वाटले, आणि मग त्याची त्यांना सवय झाली. इतवारीतल्या एका भंगारवाल्याकडे मोडलेल्या मोजणी-यंत्रातले जाड भिंग चंपतरावांना मिळाले होते. ते डोळ्यांसमोर धरल्यावर रस्त्यापलीकडच्या ट्रान्सपोर्टची पाटी उलटी आणि जवळ दिसली, आणि तेवढ्यावर त्यांचे पुढचे सहा महिने गेले. पत्रेवाल्याकडून त्यांनी लांब नळी करून घेतली. गोदामातला जुना तराजू मोडीत निघाला तेव्हा त्याचे तीन पायांचे लाकडी तिकाटणे त्यांनी मालकाला मागितले, गोदामाच्या गच्चीवर उभे केले आणि त्याच्यावर नळी बसवली. नळी पुढच्या बाजूला झुकू लागली, तेव्हा मागच्या टोकाला त्यांनी जुनी वजने बांधली. नळी जिथे सोडावी तिथे थांबू लागली. त्यांनी दुर्बिणीचाही धडा केला होता.

गच्चीवरच त्यांची एक खोली होती. तीत ते आणि त्यांच्या पत्नी रंभाबाई राहत. उरलेल्या गच्चीवर मिरची वाळत असे. दुर्बिणीपाशी येणाऱ्याला मिरचीतून वाट काढावी लागे आणि पहिली पाच मिनिटे शिंका द्याव्या लागत. तरीही लोक येत. गावात दुर्बिणी मोजक्या, आणि त्याही संस्थांच्या कुलूपबंद कपाटांत. चंपतरावांची दुर्बीण भाड्याने मिळते, ही गोष्ट हौशी छायाचित्रकारांत वर्षभरात पसरली.

भाडे चंपतरावांनी आपल्या गरजेप्रमाणे ठरवले होते. त्यांच्याजवळ दुर्बीण होती, पण कॅमेरा नव्हता. म्हणून दुर्बीण वापरणाऱ्याने आपल्या रोलमधली शेवटची फ्रेम त्यांना द्यायची. तेवढ्या एका फोटोपुरता कॅमेरा त्यांच्या हाती सोपवायचा आणि धुऊन आलेली प्रत पोचती करायची. बहुतेक लोक हे भाडे आनंदाने देत. रेल्वेच्या कचेरीतले गोपाळराव मात्र फ्रेमा मोजण्यात नेहमी चुकत, आणि ती चूक दर वेळी एकाच बाजूला होई. त्यांचा रोल चंपतरावांची पाळी येण्याच्या अगदी आधी संपे. जरीपटक्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शोभाताई याउलट होत्या. त्या शेवटच्या दोन फ्रेमा ठेवीत आणि म्हणत, एक हलली तर दुसरी असावी.

अशा उसन्या फ्रेमांमधून चंपतरावांच्या खोलीच्या भिंतीवर अकरा चंद्र जमले होते. प्रत्येक चंद्राखाली ते कॅमेऱ्याच्या मालकाचे नाव लिहीत. हे काहून लिहिता, असे रंभाबाईंनी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले की भांडे दुसऱ्याचे आहे.

१९८० च्या जानेवारीत धंतोलीतल्या खगोलप्रेमी मंडळाने स्पर्धा जाहीर केली. सोळा फेब्रुवारीला सूर्यग्रहण होते. दक्षिणेत ते खग्रास दिसणार होते, नागपुरात सूर्याची कोर उरणार होती. ग्रहणाच्या उत्तम छायाचित्राला बक्षीस म्हणून एक नवा कॅमेरा मिळणार होता. नियम एकच होता: स्पर्धक नागपूरचा असावा आणि छायाचित्र त्याने स्वतः काढलेले असावे. तो कॅमेरा मंडळाच्या काचेच्या कपाटात ठेवला होता. चंपतराव दोनदा सायकलने धंतोलीला जाऊन तो पाहून आले. पहिल्या वेळी त्याची कातडी पिशवी बंद होती, म्हणून दुसऱ्यांदा जावे लागले, असे त्यांनी घरी सांगितले.

रंभाबाई म्हणाल्या, "अवो, तो कॅमेरा आला तर भाड्यानं येनाऱ्या मानसाईले काय मागसान?"

या प्रश्नावर त्यांनी विचार केला नव्हता. त्या रात्री तो त्यांच्या मनात बराच वेळ घोळत राहिला, आणि त्याचे उत्तर न सापडताही त्यांना बरे वाटले.

ग्रहणासाठी दुर्बीण पाच जणांनी मागितली. चंपतरावांनी वेळेचे पाच भाग केले, चिठ्ठ्या तराजूच्या पारड्यात टाकल्या आणि रंभाबाईंना उचलायला लावल्या. ग्रहणाच्या भराची वेळ गोपाळरावांना मिळाली, त्यानंतरची शोभाताईंना. सहावे एक गृहस्थ चौकशी करून गेले होते. ते म्हणजे धरमपेठेतले दातांचे डॉक्टर मधुसूदन. त्यांनी दुर्बिणीतून पलीकडची पाटी वाचली, मनापासून तारीफ केली आणि सांगितले की नागपुरातून जे दिसणारच नाही ते या नळीतून तरी कसे दिसेल? त्यांनी रायचूरकडच्या एका गावातल्या अनंत नावाच्या शिक्षकाची मोठी दुर्बीण त्या दिवसापुरती भाड्याने ठरवली होती. स्वतः जाणार नव्हते, दवाखाना होता. ट्रंक कॉल लावून इथून सूचना देणार होते. चंपतरावांना ही कल्पना फार आवडली. इकडे तोंड उघडायला सांगायचे आणि तिकडे दात काढायचा, असे ते नंतर रंभाबाईंना म्हणाले.

ग्रहणाच्या दिवशी दुपारी वाडीतला रस्ता ओस पडला. ट्रक उभे होते, ड्रायव्हर आत बसले होते. गच्चीवर मात्र मेळा भरला होता. दुर्बिणीला डोळा लावायची कुणालाही परवानगी नव्हती. नळीतून येणारा सूर्य मागच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायचा आणि त्या पुठ्ठ्याचा फोटो घ्यायचा, अशी व्यवस्था होती. पुठ्ठ्यावर चंपतरावांनी पेन्सिलीने वर्तुळ आखले होते, आणि दर पाळीला सूर्य त्या वर्तुळात ते स्वतः बसवून देत. सूर्याच्या डाव्या कडेजवळ स्वल्पविरामासारखा एक काळा डाग दिसत होता. सर्वांनी तो पाहिला, सर्वांना आपण भाग्यवान आहोत असे वाटले.

शोभाताईंची पाळी सुरू झाली तेव्हा जिन्यावरून रंभाबाई वर आल्या. ग्रहणात उघड्यावर येणे त्यांच्या मनाला पटत नव्हते, पण नवरा बारा वाजल्यापासून उन्हात उभा आहे, हेही पटत नव्हते. ग्रहण अंगावर पडू नये म्हणून मिरचीचे बी गाळायची पत्र्याची मोठी चाळणी त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती आणि तोंड तिच्याआड घेतले होते. त्यांच्या मागे गच्चीचा चुन्याने पांढरा केलेला कठडा होता. चाळणीच्या प्रत्येक भोकातून एक सूर्य त्या कठड्यावर उतरला होता. शेकडो कोरी, एकाच बाजूला वळलेल्या.

शोभाताईंनी कॅमेरा उचलला, दोन पावले मागे घेतली आणि एकच फोटो काढला. पुढच्या क्षणी चाळणीतली पूड उडून रंभाबाईंना शिंक आली आणि कठड्यावरचे सगळे सूर्य एकदम हलले.

पाळी संपल्यावर शोभाताईंनी शेवटची फ्रेम चंपतरावांना दिली. त्यांनी सूर्य वर्तुळात आणला, नळी केसभर पुढे केली, श्वास धरला आणि आपला फोटो घेतला. आपल्या नळीची नस त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. त्यांची कोर सर्वांत रेखीव आली.

दोन दिवसांनी दुर्बीण पुसायला काढताना चंपतरावांना तो स्वल्पविराम सापडला. डोळा लावायच्या भिंगावर मिरचीच्या सालीचा एक वाकडा तुकडा चिकटला होता. त्यांनी तो चिमट्याने काढला, कागदाच्या पुडीत बांधला आणि काय करावे ते न सुचल्यामुळे सदऱ्याच्या खिशात ठेवला.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी सकाळी मंडळात निकालाची सभा होती. भिंतीवर सात छायाचित्रे लावली होती. सहा चंपतरावांच्या गच्चीवरची, सातवे डॉक्टरांचे. त्या सातव्यापुढे सगळे थांबत. काळ्या सूर्याभोवती पांढरी प्रभा पसरली होती, पाकळ्यांसारखी. चंपतराव त्याच्यासमोर टोपी काढून उभे राहिले. परीक्षक इंदुताई होत्या, पदार्थविज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापिका. गच्चीवरच्या सहा छायाचित्रांखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात टिपण लावले होते: डाव्या कडेजवळील स्वल्पविरामाकृती सौरडाग विशेष लक्षणीय. ते वाचल्यावर चंपतरावांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

गोपाळरावांनी पहिला आक्षेप घेतला. डॉक्टर धरमपेठेत, दुर्बीण सहाशे किलोमीटर लांब, कळ दाबणारा तिसराच. मग 'स्वतः काढलेले' कुठे राहिले? भाड्याची दुर्बीण चालणार असेल, तर उद्या कुणी भाड्याने छायाचित्रकारही ठेवील. बोलणे पुष्कळांना पटले. डॉक्टर शांतपणे उठले. त्यांचे म्हणणे होते की घर बांधले असे आपण म्हणतो तेव्हा विटा गवंडी रचतो. भाड्याचेच म्हणाल तर समोरच्या सहा चित्रांतला डाग पाहा. तो एकाच जागी, एकाच आकाराचा आहे, म्हणजे सहाही सूर्य एकाच नळीतून आलेले आहेत. मग गोपाळरावांची दुर्बीण कुठे आहे?

सभेत हशा झाला. गोपाळराव म्हणाले, "मी गच्चीवर होतो, डॉक्टर. शिंका तरी माझ्या स्वतःच्या होत्या."

इंदुताईंनी बराच वेळ नियमाचा कागद पाहिला. मग त्यांनी आपला विचार सांगितला. भाड्याच्या दुर्बिणीला रेघ कुठे मारायची हे ठरत नसेल, तर भाड्याच्या सर्वच दुर्बिणी बाजूला ठेवाव्यात. तसे केल्यास स्वतःच्या दुर्बिणीने घेतलेले छायाचित्र एकच उरते, आणि ते कमी प्रतीचे मुळीच नाही. हरकत नसेल तर बक्षीस चंपतरावांना द्यावे.

कुणाची हरकत नव्हती. गोपाळरावांनी तर टाळी वाजवायला सुरुवातही केली. कपाटाची काच उघडली होती आणि कातडी पिशवीतला कॅमेरा टेबलावर, चंपतरावांपासून दोन हातांवर होता. त्याचा पट्टा कुठे धरायचा हे त्यांनी मनात कितीदा ठरवले होते. त्यांना फक्त उठायचे होते.

ते उठले, पण टेबलाकडे गेले नाहीत.

"इंदुताई, दुर्बीन माही हाय, पन कॅमेरा माहा नव्हता," ते म्हणाले. "थो शोभाताईचा होता. त्याईनं दुर्बीन भाड्यानं घेतली, मी कॅमेरा भाड्यानं घेतला. त्याईचं भाडं खोटं अन् माहं खरं, असं तोलता येत नाही."

शोभाताई बसल्या जागेवरून म्हणाल्या की कॅमेऱ्याचे काय एवढे, कळ तर तुम्हीच दाबली. चंपतरावांनी मान हलवली. मग खिशातून पुडी काढून त्यांनी इंदुताईंच्या पुढ्यात उघडून ठेवली आणि हलक्या आवाजात सांगितले की तुमचा सौरडाग हा आहे. भिवापूरची मिरची आहे. टिपण वाचले तेव्हाच सांगायला पाहिजे होते, पण तुम्ही एवढ्या चांगल्या अक्षरात लिहिले की जीभ उचलली नाही.

इंदुताईंनी चष्मा वर केला आणि सालीचा तो तुकडा पाहिला. मंडळाच्या सभासदांनी त्यांना इतक्या वर्षांत हसताना क्वचितच पाहिले होते. त्या हसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "दोन दिवस मी त्याचं माप काढत बसले होते. पृथ्वीच्या सातपट भरला."

सभा शांत व्हायला वेळ लागला. मग इंदुताईंनी चंपतरावांनाच विचारले की असे असेल तर निकाल लावायचा कसा?

"आधी धडा करा," चंपतराव म्हणाले.

शोभाताई शिक्षिका होत्या, त्यांनी स्वाभाविकपणे विचारले, "कोणता धडा?"

आपण रोज शंभरदा उच्चारतो तो शब्द इथे कुणाला कळला नाही, याचे चंपतरावांना नवल वाटले. त्यांनी समजावून सांगितले. माल ज्या भांड्यात येतो ते भांडे कुणाचेही असो, स्वतःचे, उसने, भाड्याचे. त्यावर आपण भांडत नाही. रिकाम्या भांड्याचे वजन आधी फेडून घेतो, मग उरतो तो माल. सहा जणांचे भांडे एक होते, माझी नळी. सूर्य वर्तुळात बसवला तोही मीच. तेवढे सर्वांच्या फोटोतून सारखे काढून टाका. माझ्या फोटोतूनसुद्धा. माझी कोर रेखीव आहे ती नळीच्या सवयीमुळे. मग पाहा कुणाच्या पारड्यात काय उरते.

"आणि माझं भांडं?" डॉक्टरांनी विचारले. "माझा धडा कोण करणार?"

"तुमीच करा, डॉक्टर साहेब. भांडं केवढं होतं, थे तुमालेच ठाऊक."

डॉक्टर भिंतीवरच्या आपल्या सूर्यापाशी गेले. मग त्यांनी जे सांगितले ते आतापर्यंत कुणाला माहीत नव्हते. लाइटनिंग कॉल, म्हणजे सर्वांत तातडीचा ट्रंक कॉल, लागला होता. पहिल्या सूचना पोचल्याही होत्या. सूर्य पूर्ण झाकायला तीन मिनिटे असताना लाइन तुटली. परत जोडली गेली तेव्हा तिकडे उजाडले होते. भिंग किती वेळ उघडे ठेवायचे, केव्हा उघडायचे, हे सर्व अनंतरावांनी आपल्या अकलेने ठरवले. "त्या वेळात मी इथे फोनवर ओरडत होतो," डॉक्टर म्हणाले. "माझा धडा केला, तर पारड्यात नुसतं हॅलो उरतं."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी त्यात डॉक्टरही होते. त्यांनी खिशातून पेन काढले, छायाचित्राखालचे आपले नाव स्वतःच्या हाताने खोडले आणि तिथे अनंतरावांचे लिहिले. अनंतराव नागपूरचे नव्हते, म्हणून छायाचित्र स्पर्धेबाहेर गेले, पण भिंतीवरची मधली जागा त्यालाच राहिली.

मग इंदुताई उरलेल्या सहा चित्रांपुढून एक एक करीत चालत गेल्या. पुठ्ठ्यावरची कोर त्या तळहाताने झाकीत आणि उरलेले पाहत. गोपाळरावांच्या चित्रात तळहाताबाहेर पुठ्ठ्याचा कोपरा उरला. चंपतरावांच्या चित्रात पेन्सिलीचे वर्तुळ. शोभाताईंच्या चित्रापुढे त्या थांबल्या. तिथेही एका कडेला पुठ्ठा आणि त्याच्यावरची कोर होती. ती त्यांनी झाकली. तळहाताच्या पलीकडे डोक्यावर चाळणी धरलेली एक बाई उभी होती आणि तिच्या मागे पांढऱ्या कठड्यावर सूर्यांचे शेत पिकले होते.

"दुर्बीण वजा केली तरी इथे शेकडो सूर्य उरतात," इंदुताई म्हणाल्या.

निकाल त्यांना वेगळा वाचावा लागला नाही. टाळ्या वाजल्या, आणि सर्वांत मोठ्याने चंपतरावांनी वाजवल्या. टेबलावरचा कॅमेरा उचलला गेला तेव्हा त्याच्या पट्ट्याकडे त्यांचे लक्ष गेले, नाही असे नाही. पण काटा मधोमध उभा असल्यासारखे वाटत होते, आणि ती भावना त्यांच्या ओळखीची होती.

चंपतराव सायकलीचे कुलूप काढत होते तेव्हा शोभाताई त्यांच्यापाशी आल्या. त्यांच्या एका खांद्याला नवा कॅमेरा होता, दुसऱ्या खांद्याला जुना. जुना त्यांनी चंपतरावांच्या पुढे धरला. चंपतरावांनी हात मागे घेतला; बक्षिसातली वाटणी आपल्याला नको, असे ते म्हणाले.

"वाटणी कोण देतंय," शोभाताई म्हणाल्या. "भाड्यानं देते आहे. दर रोलमधली शेवटची फ्रेम माझी."

चंपतरावांनी नवा रोल भरलेला तो कॅमेरा खांद्याला अडकवला. भाड्याचा दर त्यांचा स्वतःचाच होता.

पुढच्या वर्षीपासून मंडळाच्या प्रवेशपत्रावर एक नवा रकाना आला. दुर्बीण, कॅमेरा, सल्ला, जे जे उसने असेल ते स्पर्धकाने त्यात लिहायचे. रकान्याला इंदुताईंनी नाव दिले 'धडा'. नव्या सभासदांना ती छपाईची चूक वाटे, आणि कुणीतरी जुना माणूस त्यांना मिरचीची गोष्ट सांगत बसे.

त्या रविवारी मात्र चंपतराव भर दुपारी वाडीला पोचले तेव्हा रंभाबाई गच्चीवर मिरची उलटवत होत्या. निकाल ऐकून त्यांनी आधी चाळणीकडे पाहिले आणि मग नवऱ्याकडे. बक्षीस आपल्या फोटोला मिळाले आणि त्यात आपले तोंडच दिसत नाही, ही गोष्ट त्यांना मुळीच पसंत पडली नाही. त्या आत गेल्या, हिरवे लुगडे नेसून आल्या, केस सारखे केले आणि त्याच कठड्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

चंपतराव कॅमेऱ्यातून पाहू लागले. उन्हाचा अंदाज घेतला, जरा बाजूला सरा म्हणाले, पुन्हा इकडे सरा म्हणाले, पदराकडे पाहिले, मागच्या पोत्यांकडे पाहिले. एकदा कॅमेऱ्यावरचा डोळा काढून त्यांनी रंभाबाईंना विचारले की तुमच्या हातातली ही सोन्याचा मुलामा दिलेली पाटली माझ्या बहिणीची आहे ना?

"हो, तिचीच हाय," रंभाबाई म्हणाल्या. "आता माहा धडा करत बसू नका. जशी उभी हाओ तशी काढा."

चंपतरावांनी श्वास धरला आणि पहिल्या फ्रेमची कळ दाबली.